साहेबासाठी लावलेला कौल

बहारीनमध्ये आज जिथे सीफ भागातले मॉल आणि काचेचे टॉवर उभे आहेत, तिथे पूर्वी नुसता समुद्र होता. उथळ, हिरवट, ओहोटीला गुडघाभर. आताच्या पोरांना हे सांगितलं तर ती "रिअली, अंकल?" म्हणतात आणि पुन्हा आपल्या आइस्क्रीमकडे वळतात. शंभू धुरीला त्या 'रिअली'चा भारी राग यायचा. "तुजो बापूस गाडी पार्क करता ना, थयच उभो रवान मी कुर्ल्यो धरलंय," असं तो ठणकावून सांगायचा. पोरांना कुर्ल्या म्हणजे खेकडे हेही ठाऊक नसायचं. मग शंभूच हसायचा आणि जुन्या बहारीनच्या गोष्टी सांगायला बसायचा. त्या गोष्टींची सुरुवात कुठूनही होवो, शेवटी तो व्हिटकर साहेबापाशीच यायचा.

शंभू कुडाळकडचा. घरी चार कलमं, भाताचा एक तुकडा, आणि पोटापुरतं कधीच न पिकणारं नशीब. गावाकडे लाकडाचा ट्रक चालवता चालवता कुणाच्या तरी ओळखीने त्याला बहारीनचा व्हिसा मिळाला आणि चौऱ्याहत्तर साली तो तिथल्या राजधानीत, मनामात उतरला. आधी एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर, मग एका अरबाची पिकअप, आणि मग नशिबाने असं काही वळण घेतलं की गडी थेट अमेरिकन वकिलातीच्या गाडीवर चढला. त्याला अरबी येत होतं, हिंदी येत होतं, इंग्रजी येतं असं तो म्हणत होता, आणि मनामाच्या बोळातून लांबलचक गाडी ओरखडा न उठवता बाहेर काढत होता. एवढं पुरलं.

गाडी होती राजदूताची. अर्ल व्हिटकर त्याचं नाव. उंच, लालबुंद, कान मोठे, आवाज त्याहून मोठा. मक्याच्या मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा. वकील झाला, गावाचा मेयर झाला, वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये दोनदा निवडून गेला आणि तिसऱ्यांदा सपाटून आपटला. पडलेल्या पुढाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडेही पडतोच. आपण त्याला एखाद्या महामंडळावर बसवतो, अमेरिकेने व्हिटकरला बहारीनवर बसवलं. साहेब काँग्रेसचा आहे हे ऐकून शंभूने पहिले काही महिने त्याला आपल्या तालुक्याच्या आमदाराचा पाहुणाच मानलं होतं.

पहिल्याच दिवशी साहेबाने मागचं दार सोडून पुढचं उघडलं आणि शंभूच्या शेजारी येऊन बसला. सुरक्षेचा अधिकारी धावत आला. साहेब त्याला म्हणाला, "मी आयुष्यभर प्रचार पुढच्या सीटवर बसून केलाय. मागे बसलेल्या माणसाला कोणी मत देत नाही." साहेब बोलायचा इंग्रजीतच, पण शंभू ते नेहमी मराठीत सांगायचा, म्हणून इथेही तसंच घेतलंय. शंभूला साहेब 'शॅम' म्हणायचा. शंभूने एकदाच नाव सुधारून सांगायचा प्रयत्न केला, साहेबाने दहा वेळा ते मनापासून घोळवलं आणि अकराव्या वेळी पुन्हा शॅम म्हणाला.

साहेबाची एक खोड होती. दिसेल त्याच्याशी हात मिळवायचा. मासळीबाजारातला कोळी, पेट्रोल भरणारा पठाण, रस्ता खणणारे पंजाबी, कोणी सुटायचं नाही. मआमीर गावच्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या बैठकीत तर तो महिन्यातून एकदा जायचाच. जमिनीवर मांडी घालायचा, गुडघे कडाकडा वाजायचे, आणि चिमुकल्या कपातला कडू कहवा पीत जाळी, कोळंबी आणि वारा ह्यांवर तासन्‌तास बोलायचा. मध्ये भाषांतराला शंभू. न राहवून शंभूने एकदा विचारलं, "साहेब, इकडे निवडणूक मफी, नाहीच. ह्या लोकांकडे तुमच्यासाठी मत नाही. मग एवढे हात कशाला?"

साहेबाने आपला तळहात उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "हाताला सवय लागलीय, शॅम. रिकामा राहिला की दुखतो."

साहेब बहारीनला यायच्या आधीच्या वर्षी त्याची बायको वारली होती. मुलगा कॅलिफोर्नियात, त्याचं नाताळला कार्ड यायचं. माहूज भागातल्या त्या मोठ्या बंगल्यात साहेब आणि आचारी इलियास एवढेच. इलियास वेंगुर्ल्याचा मुसलमान, शंभूचा जिवलग. दोघे मालवणीत भांडायला लागले की साहेब वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत बसायचा. त्याला एक अक्षर कळायचं नाही. "घरात माणसं बोलताहेत असं वाटतं," म्हणायचा. इलियासचं माशाचं तिखट सार त्याने असं काही आपलंसं केलं होतं की डोळ्यांतून पाणी गळत असायचं आणि ताट पुढे असायचं.

शंभूच्या खोलीवर दीड दिवसाचा गणपती बसायचा. मनामाच्या जुन्या बाजाराच्या मागे एका बोळात ती खोली, वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. एका वर्षी साहेब आला. बूट बाहेर काढले, वाकला, तरी कपाळ आपटलंच. आरतीला टाळ्या चुकीच्या ठिकाणी पण जोरात वाजवल्या, मोदक हाताने खाल्ला. आजवर ज्यांना त्या बोळाचा पत्ता माहीत नव्हता असे माहूजमधले बँकेतले, कंपन्यांतले मराठी लोक त्या दिवशी इस्त्रीचे झब्बे घालून दर्शनाला आले. गणपती दरवर्षीचाच होता, ह्या खेपेला भाविक मात्र फार. शंभूला गंमत वाटली आणि छातीही फुगली. ती काय, कोणाचीही फुगली असती.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. शंभू पुढे म्हणायचा, "तेवढीच वरसां मी जगलंय, बाकीची नुसती काढलंय."

ऐंशी साल उजाडलं आणि अमेरिकेतून फोन यायला लागले. साहेबाच्या पक्षाला त्याच्या राज्यातून सिनेटसाठी उमेदवार हवा होता. पडणारी जागा होती, म्हणूनच जुन्या माणसाची आठवण झाली होती, असं वकिलातीतले लोक आपसांत बोलत. पण साहेबाच्या चेहऱ्यावर रंग चढला. पुढाऱ्याच्या रीतीप्रमाणे तो सगळ्यांना विचारायला लागला. माळ्याला विचारलं, इलियासला विचारलं, मआमीरच्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा इंशाल्ला म्हणाला, म्हणजे हो की नाही ते अल्लालाच ठाऊक. शेवटी गाडीत शंभूला विचारलं, "तुझं काय मत, शॅम? उभा राहू?"

साहेब उभा राहणार म्हणजे साहेब जाणार. जिंकला तरी जाणार आणि हरला तरी जाणार. "नको" हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. पण साहेबाला जाऊ नका म्हणणारा ड्रायव्हर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो म्हणाला, "साहेब, मी पुढच्या आठवड्यात लीव्हवर गावी चाललोय. आमच्या देवीला विचारून येतो. ती सांगेल ते खरं."

साहेब खदखदून हसला. "विचार. आमच्याकडे मतांचा अंदाज काढणारे लोक फुकट जेवतात. तुझी देवी त्यांच्याहून स्वस्त पडेल."

कोकणात देवीला कौल लावतात हे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. देवीच्या ओल्या पाषाणावर गुरव दोन्ही बाजूंना फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. प्रश्न मोठ्याने विचारायचा. मग सगळे श्वास रोखून बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा मिळालेला कौल फिरवून लावायचा नाही, आणि ज्याच्यासाठी लावला त्याच्यापासून लपवायचा नाही. लपवला तर देवीचा कोप.

सातेरीच्या देवळात त्या सकाळी गावातली बरीच मंडळी जमली होती. शंभूच्या साहेबासाठी कौल लागतोय म्हटल्यावर येणारच. गुरव महादेवाने कळ्या लावल्या आणि विचारलं, "शंभ्या, काय इचारू?"

शंभूने वाटभर घोकलं होतं. साहेबाने निवडणुकीला उभं राहावं की राहू नये. साधा प्रश्न. पण देवीसमोर हात जोडले आणि तोंडातून निघालं भलतंच. "साहेब बहारीनातच रवतलो काय, ता इचार."

महादेवाने गाऱ्हाण्याला आवाज लावला. "बा देवी सातेरी माये! आज ह्या तुझा लेकरू शंभू धुरी सातासमुद्रापलीकडसून तुझ्या पायाशी इला असा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"तेचो जो कोण गोरो साहेब बहारीनात असा, तेच्या वाटेतलो काटोकोळसो दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"तो साहेब थयच रवतलो असात, तर उजवो कौल दी गे माये!"

"व्हय म्हाराजा!" ही शेवटची आरोळी फारच जोरात झाली. साहेब राहिला तर आपल्याही पोरांचे व्हिसे होतील, असा हिशेब त्या आरोळीत होता. देवाच्या दारी कोणी उगाच घसा कोरडा करत नाही.

थोड्याच वेळात उजवी कळी टपकन पडली. शंभूचे डोळे भरून आले. देवळाबाहेर त्याची बायको मथुरा त्याला गाठून म्हणाली, "तुमी साहेबाचा इचारूक इल्लास ना? मगे ह्या तर तुमचाच इचारलास."

"तां एकच," शंभू म्हणाला.

"एक कसा? तेका काय सांगतलास आता?"

परत निघताना विमानतळापर्यंत तो हेच घोळवत होता. मथुरा कमी बोलायची, पण बोलली की बोट नेमकं जखमेवर पडायचं.

बहारीनला परतल्यावर पहिल्याच सकाळी साहेबाने विचारलं, "काय म्हणाली तुझी देवी?"

कौल लपवायचा नव्हता. शंभू म्हणाला, "होय म्हणाली, साहेब."

खरं तर पुढे एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. 'साहेब इथेच राहील का' असं मी विचारलं होतं, एवढंच. पण साहेबाने डॅशबोर्डवर अशी थाप मारली की आतल्या चिठ्ठ्या-चपाट्या बाहेर पडल्या. "मला माहीत होतं! शॅम, मला माहीतच होतं!" पन्नाशी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा खूश झाला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. गाडी वकिलातीच्या दारात पोचली, साहेब उतरून आत गेला, आणि ते वाक्य शंभूच्या तोंडातच राहिलं.

दुपारी स्वयंपाकघरात इलियासने त्याला झाडलं. "अरे सांग तेका खरा काय ता! देवीच्या नावान माणूस फशी पडता, कळता तुका?"

"कसा सांगू? डायवरान साहेबाक रवा म्हणूचा? शोभता काय?"

"मगे देवीक कित्याक इचारलंस?"

"देवीक इचारूक लाज वाटना नाय म्हणान," शंभू म्हणाला आणि डोळे पुसायला बाहेर गेला.

साहेबाने राजीनामा धाडला. निरोपाला मुहर्रकच्या विमानतळावर बडी बडी मंडळी आली होती. साहेबाने सगळ्यांशी हात मिळवले, सामान उचलणाऱ्या हमालाशीही, आणि शेवटी शंभूला मिठीत घेतलं. इतका मोठा माणूस, शंभूची टोपी त्याच्या टायला अडकली. "सिनेटर झालो की पहिलं पत्र तुला," साहेब म्हणाला. ते सांगून टाकायची ती शेवटची वेळ होती. शंभूने "गुड लक, साहेब" म्हटलं.

साहेब हरला. थोडाथोडका नाही, फार मोठ्या फरकाने. इंग्रजी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, त्या वकिलातीतल्या मल्याळी क्लार्कने वाचून दाखवल्या. शंभू त्या दिवशी गाडी धूत राहिला. धुतलेली गाडी पुन्हा धुतली. त्या माणसाला आपण खड्ड्यात ढकललं, हे त्याच्या मनात जे बसलं ते बसलंच. पुढच्या लीव्हला त्याने देवीची ओटी भरली, माफी मागितली. महादेव म्हणाला, "देवीन चूक करूक नाय, शंभ्या. तिका जा इचारलंस ता तिणा सांगलान." ह्याने समाधान व्हायचं ते आणखीच गेलं.

मग नवे साहेब आले आणि गेले. सगळे भले लोक, सगळे मागे बसणारे. बहारीन बदलत होतं. समुद्रात भराव पडत होता, मनामाच्या बोळांत एसीची खोकी लटकायला लागली होती, मआमीरचा म्हातारा कोळी वारला आणि त्याची पोरं कारखान्यात लागली. गणपती मोठ्या हॉलमध्ये बसायला लागला. तिथे कपाळ आपटायची सोयच नव्हती.

सत्याऐंशीच्या थंडीत वकिलातीत निरोप आला की व्हिटकर नावाचे एक गृहस्थ हॉटेलात उतरलेत आणि शॅमला शोधताहेत. कुठल्याशा कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून दोन दिवसांसाठी आणलं होतं. शुक्रवार होता, सुट्टी. शंभू आपली जुनी टोयोटा घेऊन धावला.

साहेब वाळला होता. कान तेवढेच मोठे, बाकीचं सगळं लहान झालेलं. आवाजाला कंप. पण हॉटेलच्या दारवानाशी हात मिळवूनच बाहेर आला. "सौदीला जाणारा नवा पूल दाखव," म्हणाला. "माझ्या वेळी ह्या पुलाच्या नुसत्या गप्पा होत्या."

पुलावर दोन्ही अंगांना निळं पाणी, मधे सरळ रस्ता. शंभूला बोलायचं होतं आणि सुचत नव्हतं. साहेब शंभूच्या मुलीच्या लग्नाचं विचारत होता, इलियासचं विचारत होता. इलियास वेंगुर्ल्याला परत गेला म्हटल्यावर त्याचा पत्ता मागून घेतला. मधल्या बेटावर, हद्दीच्या अलीकडे, शंभूने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"साहेब, तुम्ही माझ्यामुळे हरलात."

साहेबाने त्याच्याकडे पाहिलं.

शंभूने सगळं सांगितलं. देवळातलं, गाऱ्हाण्यातलं, उजव्या कळीचं. "देवीला मी तुमच्या निवडणुकीचं विचारलंच नाही. तुम्ही इथेच राहाल का, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुम्ही जिंकाल असं समजून गेलात." त्याची मोडकीतोडकी इंग्रजी रडण्यात आणखी तुटत होती. "सात वर्षं हे माझ्या छातीवर आहे, साहेब."

साहेब हसेल, नाहीतर रागावेल असं त्याला वाटलं होतं. साहेबाने चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिला.

"मी हरणार हे मला माहीत होतं, शॅम," तो म्हणाला. "अंदाज काढणाऱ्यांनी सांगितलं होतं. माझ्या मुलाने सांगितलं होतं. त्याचं ओझं तू वाहू नकोस."

"मग गेलात कशाला?"

"पक्षाने बोलावलं म्हणून. जन्मभर मी लोकांच्या दारात उभं राहून मला पाठवा, मला पाठवा म्हणत आलो. कधी पाठवलं, कधी हाकललं. राहा असं मला कोणी म्हटलं नव्हतं." त्याने चष्मा पुन्हा चढवला. "आणि तू म्हणतोस, एका गावाने देवाला साकडं घातलं होतं. मी राहावं म्हणून."

"अख्ख्या गावाने, साहेब. ओरडून."

"मला सांगायला हवं होतंस."

"ड्रायव्हर कसा सांगणार, साहेब? राहा म्हणून?"

साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर दुबळं ऊन होतं, कुठलीशी बोट पुलाखालून चालली होती.

"त्या सकाळी तू तसं म्हणाला असतास ना," साहेब म्हणाला, "तर मी राहिलो असतो. देवीचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. नुसतं तू म्हणाला असतास तरी."